खाऊचें वेष्टन आणि त्याची खरी किंमत

घरांत खाऊ आला कीं मुलें आधीं आंत काय आहे तें पाहतात आणि वडील माणसें किती पैसे पडले तें विचारतात. वेष्टनाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. खाऊ संपला कीं तें कचऱ्याच्या डब्यांत जातें. वास्तविक पदार्थाची चव, त्याची किंमत आणि आपल्या गांवाची स्वच्छता या तिन्ही गोष्टींचा वेष्टनाशीं निकट संबंध आहे. तो कसा, हें वसई-विरारच्या बाजारांतील दोन जिन्नस शेजारीं शेजारीं ठेवून आज आपण पाहूं. त्यांतला एक म्हणजे वसईचीं सुकेळीं, आणि दुसरा म्हणजे चकचकीत पाकिटांतले बटाट्याचे वेफर्स.

सुकेळें म्हणजे सुकविलेलें केळें. वसई तालुक्यांतील, विशेषतः आगाशीच्या बाजूचीं सुकेळीं फार जुन्या काळापासून नांवाजलेलीं आहेत. हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत होता त्या वेळच्या, १८८२ सालच्या गॅझेटियरमध्येंही आगाशीच्या सुकविलेल्या केळ्यांचा उल्लेख सांपडतो. राजेळी जातीचीं मोठीं केळीं चांगलीं पिकवून सोलतात आणि कित्येक दिवस उन्हांत वाळवितात. वरून साखर घालावी लागत नाहीं. गरांतलें बरेंचसें पाणी उडून गेलें कीं मूळचीच साखर दाट होते. इतक्या थोड्या ओलाव्यांत आणि इतक्या गोडींत बुरशीला व जंतूंना सहजासहजीं वाढतां येत नाहीं, म्हणून सुकेळें टिकतें. हीं सुकेळीं केळीच्याच वाळलेल्या पानांत गुंडाळून त्यांचीं पुडकीं बांधतात. ज्या बागेंत फळ, त्याच बागेंत वेष्टन. खाऊन झाल्यावर तें पान झाडाच्या आळ्यांत टाकलें तर थोड्याच दिवसांत त्याची माती होते.

आतां दुसरा जिन्नस घेऊं. पाकिटाची निंदा करण्यापूर्वीं त्याचें काम समजून घेतलें पाहिजे. वेफर हा पातळ, कोरडा आणि तेलकट पदार्थ आहे. दमट हवेनें तो सादळतो, आणि हवेंतल्या प्राणवायूनें व उजेडानें त्याचें तेल खवट होतें. वसईसारख्या समुद्रकांठच्या गांवीं पावसाळ्यांत वेफर उघडे ठेवले तर घटकाभरांत मऊ पडतात. म्हणून त्यांचें पाकीट प्लॅस्टिकच्या एकाहून अधिक पापुद्र्यांचें करतात आणि त्यांतल्या एका पापुद्र्यावर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा देतात. आंत साध्या हवेऐवजीं नायट्रोजन वायु भरतात. पाकीट फुगलेलें दिसतें तें केवळ गिऱ्हाइकाला फसविण्यासाठीं, असा पुष्कळांचा समज आहे. तो सर्वस्वीं खरा नाहीं. नायट्रोजनामुळें तेल खवट होत नाहीं, आणि प्रवासांत काप चुरत नाहींत.

परंतु ज्या गुणामुळें हें पाकीट उत्तम राखण करतें, तोच गुण पुढें अडचणीचा होतो. एकमेकांस चिकटलेले हे पापुद्रे पुन्हां सुटे करणें फार कठीण असतें. शिवाय पाकीट वजनानें अगदीं हलकें आणि आंतून तेलकट असतें. कचरा वेंचणारी बाई पाण्याची बाटली आवर्जून उचलते, कारण तिला भंगारवाल्याकडे भाव मिळतो. वेफरचें पाकीट ती तसेंच टाकून पुढें जाते. बाजारानें त्या पाकिटाची किंमत शून्य ठरविली आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आतां किंमतीकडे वळूं. खाऊच्या बाजारांत पांच आणि दहा रुपयांच्या नाण्यांचें राज्य आहे. मुलाच्या हातांत नाणें असतें, सुटे पैसे परत घेण्याची कटकट कोणालाच नको असते. म्हणून कच्चा माल महागला तरी पाकिटावरचा आंकडा तोच राहतो, आणि आंतलें वजन मात्र गुपचूप घटतें. आंकडा वाढला तर गिऱ्हाईक तक्रार करतें. दोन ग्रॅम कमी झाले तर त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकिटबंद नमकीनावरील वस्तु व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अशा वेळीं पांच रुपयांच्या पाकिटाचा आंकडा उतरविणें अडचणीचें होतें, कारण गिऱ्हाईक त्या नाण्यालाच सरावलेलें असतें.

येथें थोडें गणित करूं. समजा, पांच रुपयांच्या पाकिटांत १२ ग्रॅम माल आहे, आणि तोच माल १०० ग्रॅमच्या पाकिटांत ३० रुपयांस मिळतो. पहिल्याचा किलोचा भाव सुमारें ४१७ रुपये झाला, दुसऱ्याचा ३००. वेष्टनाचा हिशेबही असाच आहे. एकाच आकाराचीं दोन पाकिटें घ्या, एक दुसऱ्याच्या दुप्पट लांब, रुंद आणि जाड. मोठ्यांत माल आठपट मावतो, पण त्याला कापड मात्र चौपटच लागतें. म्हणजे एका मोठ्या पाकिटाऐवजीं आठ लहान पाकिटें घेणारा दुप्पट कचरा विकत घेतो. माप व वजन यांसंबंधींच्या २०११ च्या नियमांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापण्याची तरतूद झाली आहे. तो आंकडा बारीक अक्षरांत असतो; परंतु खरा भाव सांगणारा आंकडा तोच.

या हिशेबांत एक रक्कम मात्र कोठेंच छापलेली नसते, ती म्हणजे कचऱ्याचा खर्च. ३ जुलै २००९ रोजीं स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत २०११ च्या जनगणनेनुसार १२ लक्षांहून अधिक माणसें राहत होतीं. एवढ्या वस्तीचा कचरा उचलून गोखिवऱ्याच्या कचराभूमीकडे न्यावा लागतो, आणि जो उचलला जात नाहीं तो नाल्यांत उतरतो. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्याचा लोहमार्ग पाण्याखालीं जाऊन गाड्या बंद पडल्या, हें आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. त्या पुरास अतिवृष्टि, बुजलेल्या पाणथळ जागा अशीं अनेक कारणें होतीं; पण नाल्याच्या तोंडाशीं अडकलेलें प्लॅस्टिक पाण्याची वाट अडवितें, ही गोष्ट कोणासही डोळ्यांनीं पाहतां येते. त्याच वर्षीं २३ मार्चला महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. बाजारांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिचा रोख होता. कारखान्यांतच भरल्या जाणाऱ्या मालाच्या वेष्टनास तींत सवलत होती. म्हणून भाजीची पिशवी गेली तरी खाऊचें पाकीट राहिलें.

मग गिऱ्हाइकाचें मत काय? विचारलें तर बहुतेक सुशिक्षित माणसें पानाच्या वेष्टनाची स्तुति करतील. दुकानांत मात्र हात पाकिटाकडेच जातो. याला ढोंग म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्या हाताचीं कारणें ऐकलीं पाहिजेत. पानाच्या पुडक्यासमोर उभी राहिलेली गृहिणी मनांत विचारते: हें केव्हां बांधलें? वजन किती? करणाराचें नांव काय? पुडक्यावर या प्रश्नांचीं उत्तरें लिहिलेलीं नसतात, पाकिटावर तीं सर्व छापलेलीं असतात. शिवाय सुकेळें महाग वाटतें. सालीचें वजन आणि उडून गेलेलें पाणी वजा जातां एक किलो सुकेळ्यांसाठीं कित्येक किलो केळीं लागतात, ही गोष्ट तिला कोणी सांगत नाहीं. पुडक्याचा हा मुकेपणा हेंच त्याचें खरें वैगुण्य होय, आणि तें दूर करणें अवघड नाहीं. पानावर कागदाची एक चिठ्ठी बांधून तिच्यावर करणाराचें नांव, तारीख, वजन आणि भाव लिहिला तर पाकिटाची अर्धी मोहिनी उतरेल.

दोन सावधगिऱ्या मात्र सांगितल्या पाहिजेत. पानाचा पुरस्कार म्हणजे रद्दीचा पुरस्कार नव्हे. छपाईच्या शाईंतील घातक द्रव्यें तेलकट पदार्थांत उतरतात, म्हणून वर्तमानपत्रांत खाद्यपदार्थ बांधूं नयेत, अशी सूचना केंद्रीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०२३ मध्यें दिली आहे. दुसरें असें कीं हिरवा रंग आणि पर्यावरणस्नेही हा शब्द पाहून भुलूं नये. असले पोकळ दावे रोखण्यासाठीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२४ मध्यें मार्गदर्शक नियम केले आहेत. दावा करणारानें त्याचा आधार दिला पाहिजे, असें ते सांगतात.

वेफर्स कायमचे सोडा, असें कोणी मुलांना सांगितलें तर तीं ऐकणार नाहींत, आणि तशी आवश्यकताही नाहीं. घरासाठीं घ्यावयाचे असतील तर आठ लहान पाकिटांऐवजीं एक मोठें घ्यावें आणि घट्ट झांकणाच्या डब्यांत ओतून ठेवावें. दर ग्रॅमचा भाव मुलांकडूनच वाचवून घ्यावा. गणिताचा तो चांगला धडा आहे. आणि हंगामांत वसईस जाणें झालें तर सुकेळ्यांचें एखादें पुडकें घेऊन विकणारीला तारीख व वजन अवश्य विचारावें. चार गिऱ्हाइकांनीं विचारलें तर पांचव्यासाठीं ती चिठ्ठी लिहून ठेवील. वसईच्या केळीच्या बागा इमारतींखालीं जात आहेत आणि सुकेळीं करणारीं घरें कमी होत आहेत. जो माल खपतो तोच पिकविला जातो, हा बाजाराचा साधा नियम आहे. आणि आपण नाणें कोठें ठेवतों यावर आगाशीच्या उन्हांत पुढच्या वर्षीं केळीं वाळतील कीं नाहीं, हें पुष्कळसें अवलंबून आहे.