साखळी महापौराच्या गळ्यात, चाव्या लीडरकडे

दर मे महिन्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास फिरतो. लंडनच्या कुठल्याशा बरोचे नवे महापौर, अंगात लाल झगा, गळ्यात सोन्याची जाडजूड साखळी आणि आडनाव आपल्याकडचं. खाली मजकूर ठरलेला, 'लंडनचा कारभार आता भारतीयाच्या हाती!' अभिनंदनाचा पाऊस ओसरला की पहिली मागणी येते: आता तेवढं पार्किंगचं बघा म्हणावं.

नाही हो. पार्किंगचा एक फलकसुद्धा ते महापौर हलवू शकत नाहीत.

लंडनमध्ये 32 बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल (पालिका) असलेले विभाग, आहेत. सिटी ऑफ लंडन त्यांत धरत नाहीत. यांतल्या बहुतेक ठिकाणी महापौरपद म्हणजे एका वर्षाचा मान. नगरसेवक मे महिन्याच्या वार्षिक सभेत आपल्यातल्याच एकाला निवडतात. सभा चालवायची, मतं समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचं आणि उरलेलं वर्षभर फिती कापायच्या. टाउन हॉलमधल्या नागरिकत्वाच्या समारंभात हस्तांदोलन करून फोटोला उभे राहतात तेही अनेकदा महापौरच. नव्या नागरिकाची कौन्सिलशी पहिली गाठ अशी साखळीशीच पडते, म्हणून गैरसमज होतो हे समजू शकतं. पण वर्षानुवर्षं तिथे कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनीही तोच मजकूर पुढे ढकलावा, याला काय म्हणायचं?

कारभार चालवतो तो 'लीडर', म्हणजे बहुधा बहुमतवाल्या पक्षाचा गटनेता. आपलं कॅबिनेट तो नेमतो. त्यात लीडर धरून जास्तीत जास्त दहा जण. निवडणुका दर चार वर्षांनी होतात, 2018, 2022, 2026 अशा. मधेच लीडर बदलला तर मतदारांना कोणी विचारत नाही. पक्षाचे नगरसेवक आपसात नाव ठरवतात आणि सभा त्यावर शिक्कामोर्तब करते. कॅम्डनमध्ये जॉर्जिया गूल्ड 2017 ते 2024 लीडर होत्या. त्या खासदार झाल्यावर रिचर्ड ऑल्शेव्स्की आले. गूल्ड यांच्या काळात साखळी कितीतरी गळ्यांतून फिरली, कारभारी मात्र एकच.

अपवाद आहेत. क्रॉयडन, हॅकनी, लुइशम, न्यूहॅम आणि टॉवर हॅम्लेट्स इथले महापौर थेट लोकांमधून निवडून येतात आणि खरोखर कारभार करतात. सादिक खान हे आणखी निराळे. ते अख्ख्या लंडनचे महापौर, पण बरोंचे साहेब नव्हेत.

हे सांगितलं की मुंबई-पुण्याचा माणूस लगेच म्हणतो, 'कळलं, म्हणजे आपल्यासारखंच. खरी सत्ता आयुक्तांकडे.' तेही नाही. आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवतं. तिकडचे चीफ एक्झिक्युटिव्ह कौन्सिलनेच नेमलेले नोकर असतात.

बरं, लीडर तरी बदलला की सगळं बदलतं का? कॅम्डनमधलंच आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण घ्या: 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये जिथे राहिले ते हे घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केलं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी लागते. कॅम्डन कौन्सिलने ती 2018 मध्ये नाकारली. मुख्य कारण, निवासी जागा कमी होते. अपील झालं, 2019 मध्ये जाहीर चौकशी झाली, आणि मार्च 2020 मध्ये केंद्रीय मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी चौकशी निरीक्षकाची शिफारस मानून परवानगी दिली. नकार आला तेव्हा लीडर गूल्ड होत्या, होकार आला तेव्हाही त्याच. 'वर ओळख असती तर झालं असतं' म्हणणाऱ्यांनी हे सावकाश वाचावं.

म्हणजे लीडरला पहिला लगाम नियमांचा आणि केंद्राचा. दुसरा लगाम पैशाचा. क्रॉयडन नोव्हेंबर 2020 मध्ये डबघाईला आलं आणि वित्त अधिकाऱ्याने 1988 च्या कायद्यातल्या कलम 114 खाली नोटीस काढली. म्हणजे कायद्याने बंधनकारक सोडून नवा खर्च बंद. त्याआधीच लीडर बदलला होता. पुढे सार्वमत घेऊन लोकांनी पद्धतच बदलली, आणि 2022 मध्ये पहिले थेट महापौर आले, तेही दुसऱ्या पक्षाचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा नोटीस निघाली आणि 2023 मध्ये कौन्सिल टॅक्स एकदम 15 टक्के वाढला. वृद्धांची देखभाल, निराधार मुलं, बेघरांचा निवारा ही कामं कायद्याने कौन्सिलच्या गळ्यात आहेत. बजेटचा मोठा लचका तीच तोडतात, आणि जाहीरनाम्यातले अग्रक्रम उरलेल्या पैशात बसवावे लागतात.

किरकोळ गैरसमज झटपट. कौन्सिल टॅक्स घराच्या आजच्या किमतीवर ठरत नाही. इंग्लंडमध्ये त्याला 1 एप्रिल 1991 ची किंमत धरतात. बस आणि पोलीस कौन्सिलकडे नाहीत, कचरा आणि ग्रंथालयं आहेत.

आणि 'आम्हाला कुठे मत आहे, पासपोर्ट भारतीय' हे तर साफ चूक. तिथे कायदेशीर राहणारा प्रौढ भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून मतदार होऊ शकतो. नाव मात्र आधी नोंदवावं लागतं. मतदान केंद्रावर ओळख म्हणून तोच भारतीय पासपोर्ट चालतो.