भिंतीपलीकडचा संगणक

गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला 'शेअरिंग' हा शब्द कोणी शिकवायला नको. विरजण, खलबत्ता, वर्तमानपत्र, पाहुण्यांसाठी गाद्या, इतकेच काय, पण रडणारे मूलसुद्धा आपण पिढ्यान्‌पिढ्या शेजारी देत-घेत आलो. त्यासाठी ना पासवर्ड लागला, ना परवानगी. कठड्यावरून हाक मारली की काम झाले! याच गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तोही अशाच एकमेकांत मिसळलेल्या बिऱ्हाडांच्या बळावर. मग एकाच घरातले दोन संगणक एकमेकांना साधी फाईल देताना एवढे आढेवेढे का घेतात, असा प्रश्न आमच्यासारख्या गृहिणींना पडला, तर त्यात नवल ते काय?

आम्ही फणसवाडीत राहतो. बालाजीच्या देवळाची घंटा ऐकू यावी इतक्या अंतरावर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आमच्या आणि मधल्या लाकडी भिंतीपलीकडे दोन खोल्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या. इंटरनेटची जोडणी एकच, अण्णांच्या खोलीत, बिल निम्मे-निम्मे. अण्णांकडे दहा वर्षांचा, टेबलावरचा जुना संगणक, आमच्याकडे लॅपटॉप. आता आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या. अण्णा त्यांच्या लेकीकडे पुण्याला जाणार, आम्ही डोंबिवलीला. मधली भिंत जाऊन मध्ये घाट येणार!

या पाडापाडीत एक ऐवज असा होता की तो ट्रंकेत घालून नेता येत नव्हता. माझ्या थोरल्या जाऊबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. वाडीतल्या मंगळागौरी आणि भोंडले त्यांच्या आवाजावाचून होत नसत. अण्णांनी पूर्वी हौसेने त्यांची गाणी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली होती. तासातासाच्या सहा फिती. त्या त्यांनी मोठ्या चिकाटीने संगणकात भरून ठेवल्या. फिती मात्र नंतर बुरशीने गेल्या. म्हणजे ताईंचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या दहा वर्षांच्या म्हाताऱ्या डबड्यात.

"मग पेनड्राईव्ह का नाही वापरला?" असे चाणाक्ष वाचक विचारतीलच. वापरला होता की! दोन वर्षे हे पेनड्राईव्हवरून नेआण करीत होते. त्याचे फळ असे, की एकाच फितीच्या तीन प्रती झाल्या आणि तिन्हींची नावे वेगवेगळी. कोणती नीट कापलेली, कोणती अर्धवट, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी पुतणीने पुण्याहून फर्मान काढले, "काकू, मूळ फोल्डर अण्णांच्याच संगणकावर राहू दे. तू तो तुझ्या लॅपटॉपवरून थेट उघड, आणि तिथूनच एकदाच सबंध प्रत घे." सांगणे सोपे! लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडले, तर तिथे अण्णांच्या संगणकाचा मागमूस नाही. भिंतीपलीकडे त्याचा पंखा घरघरतो आहे, तो मला कानांनी ऐकू येतो आहे. आणि लॅपटॉप म्हणतो, इथे कोणीच राहत नाही!

एकाच आळीत की दोन?

अशा वेळी दिसेल ते बटण दाबत सुटायचे नाही, हा पहिला नियम. चाळीत नव्या माणसाचे बिऱ्हाड शोधायचे तर आपण काय करतो? आधी वाडी बरोबर आहे का, मग दार उघडे आहे का, मग आतला माणूस ओळख देतो का, आणि शेवटी कपाटाला हात लावू देतो का. संगणकाचेही हेच चार प्रश्न आहेत, आणि ते याच क्रमाने सोडवायचे असतात. पहिला सुटल्याशिवाय चौथ्याशी झटापट करणे म्हणजे चुकीच्या वाडीत जाऊन कडी वाजवण्यासारखे आहे.

त्याआधी एक साधी गोष्ट: दोन्ही संगणक जागे हवेत. झोपलेला संगणक हाकेला ओ देत नाही. अण्णांचा संगणक अर्ध्या तासाने डुलकी घेई; ती त्याची सवय आधी बंद केली.

आता वाडी. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक पत्ता देतो. काळ्या खिडकीत, म्हणजे 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये, 'आयपीकॉन्फिग' हा शब्द टंकला की तो दिसतो. घरगुती पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. असे काही आकडे खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा आजचा संकेत १९९६ सालचा. त्यामुळे माझ्या घरातला पत्ता आणि तुमच्या घरातला पत्ता तंतोतंत एकच असला, तरी भांडण होत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर समजावे की राऊटरने पत्ता दिलेलाच नाही आणि यंत्राने आपल्या मनाने एक लावून घेतला आहे.

अण्णांचा पत्ता निघाला १९२.१६८.१.७ आणि आमचा १९२.१६८.२.५. साध्या घरगुती जोडणीत पहिले तीन आकडे जुळावे लागतात. इथे तिसराच वेगळा. कारण असे, की जोडणी करून देणाऱ्या मुलाने आम्हाला जे वाय-फायचे नाव लिहून दिले होते, ते पाहुण्यांसाठीचे होते. पाहुण्यांच्या वाय-फायवर इंटरनेट मिळते, पण घरातल्या इतर यंत्रांकडे जाता येत नाही. ओटीवर बसा, चहा घ्या, माजघरात येऊ नका! चार वर्षे आम्ही स्वतःच्याच घरात पाहुणे होतो. मुख्य वाय-फाय जोडले आणि आमचा पत्ता झाला १९२.१६८.१.१२. वाडी एक झाली.

दाराची कडी

मग 'पिंग' म्हणून अण्णांच्या पत्त्यावर हाक मारली. उत्तर नाही. पण उत्तर आले नाही म्हणजे घरात माणूस नाही असे नव्हे. त्याने दार लावून घेतलेले असू शकते. विंडोज प्रत्येक जोडणीला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का मारते. रेल्वे स्टेशनवर, हॉटेलात 'पब्लिक' हाच शिक्का योग्य. तेव्हा फायरवॉल, म्हणजे संगणकाचा दरवान, अनोळखी हाकेला ओच देत नाही. अण्णांच्या संगणकावर नेमका हाच शिक्का होता. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन तो 'प्रायव्हेट' केला, आणि फाईल व प्रिंटर शेअरिंग सुरू केले. लगेच पिंगला चार उत्तरे आली. (वेगळे अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन चालू असेल, तर त्याचाही स्वतंत्र दरवान असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.)

तरीही 'नेटवर्क'च्या यादीत अण्णांचे नाव उमटेना. इथे पुष्कळजण हताश होतात. पण ती यादी म्हणजे चाळीच्या जिन्याखालची नावांची पाटी. पाटीवर नाव नसले म्हणून बिऱ्हाड नाहीसे होत नाही. आपण थेट पत्त्यावर जावे. फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे पत्ता टंकला, आणि एन्टर दाबताच भिंतीपलीकडच्या संगणकाने प्रथमच तोंड उघडले. त्याने विचारले, "तुमचे नाव काय, आणि पासवर्ड काय?"

अण्णा खुर्चीतून उठून बसले. "चाळीस वर्षे शेजारी राहतोय, आणि माझ्याच घरात नाव विचारतो?"

नाव विचारतो, कारण आहे

अण्णांचा राग रास्त वाटला, तरी संगणकाची सावधगिरी अनाठायी नाही. फायली देण्याघेण्याची ही बोली आयबीएमच्या बॅरी फायगेनबाम यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी घडवली. तिचे नाव एसएमबी. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती इतर संगणकांनाही बोलता येईल अशी सोय केली, आणि शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द धुंडाळून तिला 'सांबा' हे नाव दिले. त्या काळी दारे उघडी असत. त्याची किंमत जगाने २०१७ साली मोजली. मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम या बोलीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून देशोदेशी शिरला. जूनमध्ये तेच भगदाड वापरणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले, आणि आपल्या समोरच्या किनाऱ्यावर, न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. तेव्हापासून जुनी आवृत्ती नव्या विंडोजमध्ये मुळात बंदच असते. विंडोज ११ प्रोच्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून तर बिननावाच्या पाहुण्याला परस्पर प्रवेशही मिळत नाही. म्हणून कोणी 'जुनी एसएमबी सुरू करा, पासवर्ड काढून टाका' असा झटपट उपाय सांगितला, तर कानाआड करावा.

आता पासवर्ड. अण्णा रोज चार आकडे टंकून संगणक उघडतात, तेच मी भरले. नामंजूर! ते चार आकडे म्हणजे पिन, आणि पिन फक्त त्याच यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी असतो. भिंतीपलीकडून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्डच लागतो. अण्णांचा पासवर्ड पुतणीने केव्हातरी ठेवलेला. तो कोणालाच आठवेना. कित्येक घरांत गाडी इथेच अडते. याला सुटसुटीत तोड अशी, की त्या संगणकावर या कामापुरते एक वेगळे स्थानिक खाते काढावे. त्याला पासवर्ड द्यावाच. बिनपासवर्डाच्या खात्याला नेटवर्कवरून प्रवेश नसतो. आम्ही तसे केले. दार उघडले. 'ताईंची गाणी' हा फोल्डर दिसला. त्यावर टिचकी मारली, तर 'परवानगी नाही'!

हा चौथा प्रश्न, कपाटाचा. विंडोजमध्ये परवानगीची कुलुपे दोन असतात: एक शेअरिंगचे आणि दुसरे 'सिक्युरिटी' या पानावरचे, खुद्द फायलींचे. दोहोंत जे कडक, ते चालते. हा फोल्डर अण्णांच्या आधीच्या संगणकातून आणलेला असल्यामुळे दुसऱ्या कुलपात नव्या खात्याचे नाव नव्हते. दोन्हीकडे फक्त 'रीड', म्हणजे वाचण्याची परवानगी दिली. लिहिण्या-पुसण्याची मुद्दामच दिली नाही. एकुलता एक ऐवज असेल, तर हात लावणाऱ्याला तो चुकून पुसताही येऊ नये.

मोजून-मापून

सहा तासांचे ध्वनिमुद्रण, मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे सगळे मिळून ३.६ जीबीच्या आसपास. सेकंदाला ५ एमबी वेग धरला तर बारा मिनिटांचे काम. (जोडणीचा वेग 'मेगाबिट'मध्ये सांगतात. त्याला आठाने भागले की 'मेगाबाइट' मिळतात. १०० चे फार तर साडेबारा होतात. त्यामुळे उगाच मंद चालले असे वाटून कोणी तार उपसू नये.) आम्ही 'कट' नव्हे, 'कॉपी'च केले. नंतर दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि आकार ताडून पाहिले, आणि प्रत्येक फाईल आरंभी, मध्ये आणि शेवटी वाजवून पाहिली.

तिसऱ्या फितीच्या मध्यावर ताईंचा आवाज आला. गाणे थांबवून त्या कोणाला तरी दटावीत होत्या, "अगं, फेर मोडू नका गं, हात धरा!" भिंतीपलीकडे अण्णांनी तो ऐकला. ते काही बोलले नाहीत. फक्त त्यांचा रेडिओ बंद झाल्याचे मला ऐकू आले.

त्या रात्री तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली; ती पुतणीकडे पुण्याला गेली. दोन प्रती दोन यंत्रांवर आणि तिसरी वेगळ्या गावी, एवढे असले म्हणजे आग, चोरी, पाणी यांपैकी एकाने सगळे जात नाही. भाडेपावत्या आणि पागडीचे कागदही त्याच वाटेने आले. अण्णांच्या संगणकात विंडोज १० आहे. त्याला सुरक्षेच्या सुधारणा मोफत पुरवण्याची नेहमीची व्यवस्था १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे काम होताच त्या फोल्डरचे शेअरिंग बंद केले आणि तात्पुरते खातेही काढून टाकले. कामापुरते उघडावे, काम झाले की लावावे.

वाचक भगिनींनो, आणि बंधूंनोही, दिवाळीत घरची सगळी माणसे एकत्र जमतात. फराळाची ताटे उचलल्यावर एक तास काढा. घरातला कोणता आवाज, कोणता फोटो, कोणता कागद एकाच यंत्रात आहे, ते विचारा. मग वाडी, दार, ओळख, कपाट या क्रमाने चार प्रश्न सोडवा आणि त्याच दिवशी दुसरी प्रत घ्या. यंत्र जुने झाले की नवे येते, इमारत पडली की नवी उभी राहते; पण फेर धरायला सांगणारा आवाज बाजारात विकत मिळत नाही.