पावसाळ्यात अडेनियम का कुजतं? ते कसं वाचवाल?

उन्हाळाभर गुलाबी फुलांनी भरलेलं अडेनियम जुलैत अचानक पानं गाळू लागतं. झाड सुकतंय असं वाटून अनेकजण आणखी पाणी घालतात आणि तिथेच घात होतो.

नेमकं काय होतं?

अडेनियम मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानातल्या कोरड्या भागांतलं. त्याचा फुगलेला बुंधा म्हणजे पाण्याची टाकीच. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि कूज बुंध्यात चढते.

काय कराल?

- कुंडी पावसाच्या माऱ्यातून हलवा, पण भरपूर उजेडात ठेवा. खालची बशी काढा.
- माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी नको.
- कुंडी भरताना मातीत जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे सढळ हाताने मिसळा.
- अधूनमधून बुंधा दाबून पाहा. उन्हाळ्यात तो तहानेनेही मऊ पडतो, पण ओल्या मातीत मऊ लागला तर ती कूज समजा. झाड उपसा, कुजलेला भाग स्वच्छ सुरीने निरोगी गर लागेपर्यंत कापा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि मग कोरड्या मिश्रणात लावा.

हे विसरू नका

अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं आहे. त्याचा चीक विषारी असून हृदयावर परिणाम करतो. आफ्रिकेत तो शिकारीच्या बाणांना लावला जाई. त्यामुळे कापताना हातमोजे घाला आणि कुंडी लहान मुलं, कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा.