नाचाची स्पर्धा आणि अर्जाचा कागद

हळदीच्या मांडवात ढोलकी वाजली, की म्हातारी माणसंसुद्धा पाय हलवतात. नवी मुंबईच्या गावांत तर विचारूच नका. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली ही जुनी गावं. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. पण आगरी-कोळ्यांचा नाच काही गेला नाही. वल्हं मारावं तसे हात, लाटेवर होडी डुलावी तशी कंबर. तो नाच अजून तसाच आहे.

अंगणात नाचायला कुणाला विचारावं लागत नाही. स्पर्धेत नाचायचं असेल, तर मात्र कागद भरावा लागतो. त्या कागदाची एक गोष्ट सांगते.

आमच्या शेजारच्या गावात बायकांचा एक संघ आहे. बाया बारा. सगळ्या एकत्र नाचणाऱ्या. त्यांत दोघी साठीच्या पुढच्या. बाकीच्या दहा जणींना नाच शिकवला तो त्या दोघींनीच. एका वर्षी त्यांनी स्पर्धेत नाव दिलं. अर्ज कुणी भरला? एका बाईच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं. त्यानं घाईघाईनं नावं लिहिली. मागचं पान कुणी वाचलंच नाही.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्या नटूनथटून गेल्या. लुगडी नेसलेल्या, केसांत वेण्या माळलेल्या. टेबलाशी बसलेल्या माणसानं नावं मोजली. तो म्हणाला, “मावशी, नाचणारे दहाच चालतात. दोघींना खाली बसावं लागेल.”

आता कोण बसणार? कुणी काही बोलेना. शेवटी त्या दोघी म्हाताऱ्या आपणहून बाजूला झाल्या. “तुम्ही नाचा गं,” म्हणाल्या. दहा जणी नाचल्या खऱ्या. पण पावलं बारा जणींची बसवलेली. वर्तुळात दोन जागा मोकळ्याच राहिल्या. मी समोरच बसले होते. बघवलं नाही मला.

खरी चुटपुट पुढेच आहे. त्या कागदावर लिहिलं होतं, की नाचणाऱ्यांखेरीज पाच साथीदार चालतील. साथीदार म्हणजे गाणारे आणि वाजवणारे. यांचे साथीदार तीनच होते. म्हणजे त्या दोघी मंचावर बसून गाऊ शकल्या असत्या. गळाही गोड त्यांचा. पण अर्जात त्यांची नावं नाचणाऱ्यांत घातलेली. अर्जाची मुदत आठ दिवसांपूर्वी संपलेली. ऐन वेळी नाव बदलता येत नव्हतं.

प्रत्येक स्पर्धेचे नियम निराळे असतात. पण विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकनृत्याचे जे नियम चालत आले आहेत, ते एकदा समजून घ्या. मग दुसरा कुठलाही कागद कळायला जड जात नाही. तिथे नाचणारे जास्तीत जास्त दहा. सगळे मुलगे चालतात, सगळ्या मुली चालतात, दोघं मिळूनही चालतात. साथीदार पाच. वेळ दहा मिनिटांच्या आत. नाच लोकांचा हवा, आदिवासींचा चालतो, पण शास्त्रीय नको. म्हणजे कोळीनृत्य चालेल, बाल्या नाच चालेल. भरतनाट्यम् किंवा कथक तिथे चालायचं नाही.

आणखी एक गोष्ट मागतात. नाच कशावर आहे त्याची थोडक्यात माहिती आणि गाण्याचे शब्द लिहून द्यायचे, तेही तीन प्रतींत. परीक्षक कदाचित लांबच्या गावचे असतात. डोलकर म्हणजे काय, नारळी पुनवेला दर्याला नारळ का देतात, हे त्यांना ठाऊक असेलच असं नाही. कागद वाचला म्हणजे नाचाचा अर्थ लागतो.

गुण कशाला मिळतात? ताल, रचना, हावभाव, पोशाख, रंगभूषा, मागची सजावट आणि सगळ्याचा मिळून होणारा परिणाम. यातला ‘रचना’ हा शब्द नीट समजून घ्या, कारण गावचे संघ बहुधा इथेच मागे पडतात. अंगणात बघणारे चारी बाजूंना बसतात, म्हणून आपण गोल फिरतो. मंचावर बघणारे एकाच बाजूला असतात. गोल धरला, की निम्म्या बायांची पाठ परीक्षकांकडे होते. मग गोल मधेच मोडायचा, दोन रांगा करायच्या, पुढच्यांनी मागे जायचं. नाच तोच, पण मांडणी वेगळी. कुणी म्हणेल, हा काय खरा नाच? मला तर अंगणातलाच जास्त आवडतो. पण मंचावर गेलं, की मंचाचं ऐकावं लागतं.

होडी, जाळी, टोपल्या मंचावर मांडायलाही ठरावीक वेळ असते. नाच संपला, की आपलं सामान आपणच लगेच उचलायचं.

वय किती, हेही बघावं लागतं. राष्ट्रीय युवा महोत्सव जानेवारी २०२४ मध्ये नाशिकला झाला. त्यातही समूहाचं लोकनृत्य होतं. तो १५ ते २९ वर्षांच्या तरुणांचा. शाळांचा ‘कला उत्सव’ २०१५ साली सुरू झाला, तो मोठ्या वर्गातल्या मुलांचा. वयाचा दाखला जोडल्याशिवाय अशा ठिकाणी अर्ज घेत नाहीत.

नियम काही आपल्याकडेच कडक असतात असं नाही. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ‘ब्रेकिंग’ नावाचा नाच होता. जमिनीवर हात टेकून, डोक्यावर गरगर फिरून करतात तो. नऊ परीक्षक होते. तिथे मानिझा तलाश नावाची अफगाण मुलगी निर्वासितांच्या संघातून नाचली. नाचता नाचता तिनं अंगावरचं निळं वस्त्र पसरून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, की अफगाण स्त्रियांना मुक्त करा. ऑलिंपिकच्या मैदानात राजकीय घोषणा चालत नाही. ती लढत ती हरली होतीच, पण तिच्या नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा पडला. तिचं म्हणणं खोटं होतं असं कोण म्हणेल? मला तर तिचा अभिमानच वाटला. तरी नियम तो नियम.

आता तुमच्या हाती अर्ज आला, तर आधी मागचं पान वाचा. बारीक अक्षर असेल तर उजेडात धरा. शेवटची तारीख कोणती, फी किती, नाचणारे किती, साथीदार किती, या जागांवर बोट ठेवा. गाणं प्रत्यक्ष गायचं की वाजवून लावलेलं चालतं, तेही बघा. काही अडलं तर भरायच्या आधी विचारा. नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहा. घरी आपण ‘ताई’ म्हणतो, कार्डावर भलतंच नाव असतं. अर्ज दिल्यावर पोच मागून घ्या. एक प्रत आपल्या पिशवीत राहू द्या, स्पर्धेच्या दिवशी ती टेबलावर दाखवता येते.