हद्दपारीचा हुकूम आणि दिवसाचा दंड

हद्दपारीचा हुकूम झाला की माणूस देशाबाहेर गेलाच, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत तसे घडत नाही. असा अंतिम हुकूम होऊनही देशातच राहिलेले लोक तेथे २०२४ च्या अखेरीस चौदा लक्षांहून अधिक होते. त्यांत सुमारे अठरा हजार भारतीय होते. अशांवर दिवसागणिक दंड बसविण्याची तरतूद अमेरिकन काँग्रेसने १९९६ साली केली. मूळ कायद्यात कमाल दंड दिवसाला ५०० डॉलर होता. महागाईच्या मानाने तो २०२५ मध्ये ९९८ डॉलरांवर गेला.

रक्कम मोठी खरी. परंतु ह्या कलमाचा प्राण ‘बुद्धिपुरस्सर’ ह्या एका शब्दात आहे. जो बुद्धिपुरस्सर जाण्याचे टाळतो, किंवा प्रवासाचे कागदपत्र मिळविण्यासाठी वेळेवर अर्ज करण्याचे टाळतो, त्यालाच हा दंड. आता, जाऊ न इच्छिणारा आणि जाऊ न शकणारा हे दोघे दुरून सारखेच दिसतात. जर्मनीतील निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या एका इसमाला हद्दपार करावयाचे ठरले, तेव्हा जर्मनीने त्याला नाकारले आणि आईबाप बहुधा लिथुआनियन म्हणून विचारणा झाली तर लिथुआनियानेही नाकारले. त्याने जावे कोठे? त्याच्याच खटल्यात २००१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, अशा माणसाला अनिश्चित काळ कोंडून ठेवता येणार नाही.

तेव्हा हेतूची पारख कोण करतो, हाच खरा प्रश्न. हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, असे त्याच न्यायालयाने १८९३ सालीच ठरवून टाकले आहे. म्हणून हे प्रकरण फौजदारी नसून दिवाणी, आणि म्हणूनच गरिबाला सरकारी खर्चाने वकील नाही. हा दंडही दिवाणीच.

कलम दोन दशके जवळजवळ निजून होते. २०१८ पासून ते जागे झाले. चर्चच्या आश्रयाला राहिलेल्या काहींना २०१९ मध्ये पाच लक्ष डॉलरांच्या घरातील नोटिसा गेल्या. वास्तविक ही माणसे लपलेली नव्हती. त्यांचा पत्ता साऱ्या गावाला ठाऊक होता! २०२१ मध्ये नव्या सरकारने हे धोरण सोडले. २०२५ मध्ये ते पुन्हा आले. पूर्वी दंडापूर्वी तीस दिवसांची सूचना द्यावी लागे आणि पुढे अपील-मंडळाकडे जाता येई. जून २०२५ च्या नियमांनी ती पूर्वसूचना काढून टाकली. निर्णय साध्या टपालाने पाठविता येतो. अपिलाला कामाचे पंधरा दिवस, आणि तेही त्याच खात्यातील वरिष्ठांपुढे.

पाच वर्षांचा हिशेब केला तर आकडा अठरा लक्ष डॉलरांवर जातो. मजुरी करणाऱ्याकडून तो वसूल होईल, असे सरकारलाही वाटत नसावे. जो आपण होऊन नोंद करून निघून जाईल त्याला दंड माफ, असे त्याच महिन्यात जाहीर झाले, यावरून रोख स्पष्ट दिसतो. मात्र टपाल जाते ते शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर. मध्यंतरी ज्याने बिऱ्हाड बदलले, त्याचे पंधरा दिवस त्या जुन्या दाराशीच संपून जातात.