नाणें पहावें, डबी नव्हे

सरळ व निर्भेळ माणसाला आपण 'बंदा रुपया' म्हणतों आणि चोख बोलण्याला 'खणखणीत' हें विशेषण लावतों. हे दोन्ही शब्द पैशाच्या रोजच्या व्यवहारांतून भाषेंत आले आहेत. रुपया हातीं आला म्हणजे दगडावर टाकून त्याचा नाद ऐकावयाचा, कड चांचपावयाची, शंका आलीच तर तो तराजूंत घालावयाचा आणि मगच गल्ल्यांत टाकावयाचा, असा जुन्या सराफाचा शिरस्ता असे. छाप सरकारचा असला तरी पारख त्याची स्वतःची असे.

हल्लीं मात्र संग्राहकाच्या हातीं जुनें नाणें येतें तें पुष्कळदां पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोहोरबंद डबींतून. तिला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. डबीच्या माथ्यावर नाण्याचें नांव, साल, ओळखीचा क्रमांक आणि त्याची प्रत दाखविणारा अंक छापलेला असतो. नाणें वाजवितां येत नाहीं, बोटांनीं चांचपतां येत नाहीं. अंक तेवढा वाचतां येतो आणि त्या अंकावरच किंमत ठरते. ही चाल अमेरिकेंतली असली तरी आतां ती आपल्याकडील संग्राहकांतही रूढ होत आहे. कित्येक घरांतील तरुण मंडळी या छंदाकडे वळलीं आहेत, आणि पणजोबांच्या वेळचे चार रुपये तर बहुतेक जुन्या घरांतून असतातच. म्हणून या डबीचा उपयोग कोणता आणि तिची मर्यादा कोणती, हें कुटुंबांतील सर्वांनींच समजून घेणें अगत्याचें आहे. यांत पैशाचा प्रश्न आहे, आणि वाडवडिलांच्या ठेव्याचाही आहे.

प्रथम या अंकाची कुळकथा पाहूं. सन १९४९ मध्यें डॉ. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अगदीं झिजून गेलेल्या, केवळ ओळखूं येण्याजोग्या सेंटास त्यानें एक अंक दिला आणि सर्वथा निर्दोष सेंटास सत्तर. सत्तरच कां, तर शेल्डनच्या हिशेबानें तसा निर्दोष सेंट झिजलेल्या सेंटाच्या सत्तरपट किंमतीचा होता. म्हणजे हा अंक मूळचा गुणांचा नव्हे, भावाचा होता. पुढें भाव कोठच्या कोठें गेले, हिशेब कोलमडला, पण अंक मात्र टिकला. आणि १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संस्थेनें तीच मोजणी इतर नाण्यांनाही लागू केली.

या शेल्डनविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्क येथील अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील कित्येक उत्तम सेंट काढून घेऊन त्यानें त्यांच्या जागीं हलके सेंट ठेविले होते, हें त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आलें. खणांतील चिठ्ठ्या होत्या तशाच राहिल्या, नाणीं मात्र बदललीं. हा प्रकार चिठ्ठ्या वाचणाऱ्यांच्या नव्हे, तर नाणीं जुन्या छायाचित्रांशीं ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांच्या ध्यानांत आला. चिठ्ठी आणि वस्तु यांतील भेद याहून स्पष्ट करणारें उदाहरण क्वचितच सांपडेल.

डबी निघाली ती मात्र चांगल्या हेतूनें. पूर्वीं नाण्याची प्रत विकणाराच सांगे. अर्थात् विकतांना ती उंच होई आणि तेंच नाणें परत विकत घेतांना खालीं येई. या लबाडीस आळा घालण्यासाठीं १९८६ सालीं पी.सी.जी.एस. आणि १९८७ सालीं एन.जी.सी. या कंपन्या सुरू झाल्या. नाणें विकण्याशीं ज्यांचा संबंध नाहीं अशा जाणत्या माणसांनीं तें पहावें, त्याचा खरेपणा तपासावा, अंक ठरवावा, आणि कोणास अदलाबदल करतां येऊं नये म्हणून तें डबींत बंद करावें, अशी ही व्यवस्था. तिच्यामुळें खोट्या नाण्यांपासून नवख्याचें पुष्कळ रक्षण झालें आणि नाणें न पाहतां दूरच्या माणसाशीं व्यवहार करणें शक्य झालें. डबीचा हा गुण आम्ही मुक्तकंठानें मान्य करतों.

परंतु खरेपणा ही एक गोष्ट आणि प्रत ही दुसरी. नाणें खरें कीं खोटें याचें उत्तर एकच असतें. तें चौसष्ट अंकांचें कीं पासष्ट, हें शेवटीं मतच होय. तेंही गर्दींतल्या कामांत, एकेका नाण्यास थोडा वेळ देऊन बनविलेलें मत. म्हणूनच अमेरिकेंत डबी फोडून तेंच नाणें पुन्हां तपासणीस पाठविण्याचा एक धंदाच होऊन बसला. अंक वाढला तर नाणें विकावयाचें, न वाढला तर पुन्हां पाठवावयाचें. कित्येक नाण्यांत एका अंकाच्या फरकानें किंमत दुप्पट-चौपट होते. मग हा खटाटोप कोण करणार नाहीं? याचा परिणाम असा कीं, ज्यांच्या नशिबीं एकदां उदार परीक्षक आला तीं नाणीं त्या वरच्या अंकाच्या डबींत कायमचीं राहिलीं, आणि त्याच अंकाचीं कांहीं नाणीं नांवापुरतीं तेवढीं उरलीं.

बाजारानेंही ही गोष्ट निराळ्या रीतीनें कबूल केली. सन २००७ मध्यें सी.ए.सी. नांवाची आणखी एक कंपनी निघाली. इतरांच्या डब्यांतील नाणें पाहून, तें त्या अंकास खरोखर शोभतें असें वाटल्यास डबीवर हिरवी चिकटी लावावयाची, आणि अंकाहूनही सरस वाटल्यास सोनेरी, एवढेंच तिचें काम. म्हणजे मतावर दुसरें मत! पुढें २०२३ सालीं त्याच मंडळींनीं स्वतःच्या डब्याही काढल्या. शिवाय नामांकित कंपन्यांच्या डब्यांच्या हुबेहूब नकला बाजारांत आल्या आहेत, आणि त्यांवर खऱ्या नाण्याचाच क्रमांक उतरून घेतलेला असूं शकतो. तेव्हां डबी वाचून काम भागत नाहीं. आंतलें नाणें वाचतां आलें पाहिजे.

तें वाचावें कसें? जाणते लोक मुख्यतः चार गोष्टी पाहतात: ठसा, तेज, पृष्ठभाग आणि एकंदर शोभा. उदाहरणासाठीं अमेरिकेचा मॉर्गन डॉलर घेऊं, कारण संग्राहकांत तो अतिशय परिचित आहे. हा सुमारें पावणेसत्तावीस ग्रॅमचा, शेंकडा नव्वद भाग चांदीचा डॉलर १८७८ पासून १९०४ पर्यंत आणि नंतर १९२१ सालीं पाडण्यांत आला. त्याच्या एका बाजूस स्वातंत्र्यदेवीचें मुख आणि दुसऱ्या बाजूस गरुड आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळींत १८७९ ते १८८२ या सालांत पाडलेल्या डॉलरांवर देवीच्या कानावरील केसांचा पेड न् पेड आणि गरुडाच्या छातीवरील पिसें बहुधा स्पष्ट उठलेलीं असतात. उलट न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळींतील पुष्कळ डॉलरांवर ठसा कच्चा बसल्यामुळें तेच केस सपाट आणि छाती गुळगुळीत दिसते. असा डॉलर एकदांही कोणाच्या खिशांत न गेलेला असूं शकतो. नवख्यास तो झिजलेला वाटतो. जाणता मात्र त्या सपाट जागेवरचें तेज पाहतो. तेज अखंड असेल तर दोष ठशाचा. तेथें करडी, मेलेली छटा असेल तर झीज वापरण्याची.

हें तेज म्हणजे काय, तेंही सांगितलें पाहिजे. ठसा बसतांना दाबाखालीं धातु मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर केसाहूनही सूक्ष्म अशा रेषा उमटतात. एका दिव्याखालीं नाणें हलकेंच कलतें केलें म्हणजे त्या रेषांवरून प्रकाशाच्या पट्ट्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें फिरतात. घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर प्रकाश पडतो, पण फिरत नाहीं. चकाकी आणि तेज यांतील हा भेद एकदां डोळ्यांत बसला म्हणजे निम्मी परीक्षा आली असें समजावें.

पृष्ठभागावरील व्रण मोजण्यापेक्षां ते कोठें आहेत हें पाहणें महत्त्वाचें. देवीच्या गालावरचा एक ठोका केसांत दडलेल्या पांच ठोक्यांहून अधिक खुपतो. शोभेचेंही तसेंच. हवेंतील गंधकामुळें चांदीवर वर्षानुवर्षें चढलेली निळसर-सोनेरी छटा कित्येक नाण्यांस खुलविते, तर डागाळ काळिमा दुसऱ्यास कुरूप करतो. दोघांचाही अंक मात्र एकच असूं शकतो. शेल्डनच्या मोजणींत साठांपासून पुढचे अंक न वापरलेल्या नाण्यांचे. तरीही किंचित् हाताळलेला, पण ठसठशीत आणि तेजस्वी असा अठ्ठावन्न अंकांचा डॉलर, ठोक्यांनीं भरलेल्या साठ अंकांच्या डॉलरपेक्षां डोळ्यांस कितीतरी सुंदर वाटतो. अशा वेळीं अंकाचें ऐकावें कीं डोळ्यांचें? आमचें मत डोळ्यांच्या बाजूनें आहे. मात्र ते डोळे शिकलेले असावे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्याकडे उरलेले बहुतेक रुपये राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पांचवा जॉर्ज यांच्या अमदानींतले. १८३५ पासून रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम, आणि त्यांत बारांतील अकरा भाग शुद्ध चांदी, असें प्रमाण होतें. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. हे रुपये पाहतांना झीज प्रथम उंच भागांवर शोधावी. पांचव्या जॉर्जच्या रुपयांत वस्त्रावरील चिमुकला हत्ती पहावा. १९११ च्या रुपयांत तो हत्ती लोकांस डुकरासारखा दिसल्यामुळें ओरड झाली आणि पुढच्या वर्षीं तो सुधारावा लागला. काट्याच्या बाजूस खालच्या कमळाशीं उठावाचा बारीक ठिपका असेल तर जॉर्जचा तो रुपया मुंबईच्या टांकसाळींतला. नसेल तर कलकत्त्याचा. इतकें घरबसल्या एका साध्या भिंगानें कळतें.

येथेंच आमच्या भगिनींस एक विनंती आहे. लक्ष्मीपूजनाच्या आधीं देवघरांतील रुपये रांगोळी, भस्म किंवा चिंच लावून लख्ख घासण्याची चाल अनेक घरांत आहे. देवीपुढें स्वच्छ वस्तु ठेवावी, हा त्यांतील भाव सुंदरच आहे. पण वर सांगितलेल्या सूक्ष्म रेषा एका घासण्यांत जातात आणि पुन्हां कधींही येत नाहींत. प्रतवारीच्या कंपन्या अशा नाण्यास 'साफ केलेलें' असा शेरा मारून स्वच्छ अंक नाकारतात, आणि या एका बाबतींत डबी व जाणत्याचा डोळा यांचें एकमत आहे. म्हणून पूजेसाठीं एक-दोन रुपये निराळे काढावे, ते हवे तितके उजळावे. बाकीच्यांना हात लावूं नये. हाताळणें प्राप्तच झालें तर केवळ कडेनें धरावें. मऊ पी.व्ही.सी.च्या पाकिटांतून ते कधींही ठेवूं नयेत, कारण कालांतरानें त्यांतून निघणाऱ्या द्रव्यांनीं नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो.

शिवराईची गोष्ट तर आणखी निराळी. ती हातानें पाडलेली. ठसा बहुधा तांब्याच्या चकतीहून मोठा. त्यामुळें 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' यांतील सगळीं अक्षरें एकाच नाण्यावर पुरतीं सांपडणें दुर्मिळ. यंत्रानें पाडलेल्या नाण्यांसाठीं बनविलेला अंक तिची झीज सांगेल. पण किती अक्षरें उमटलीं, ठसा मध्यावर आहे कीं सरकलेला, अक्षरांचें वळण कोणत्या काळचें, हें संग्राहकास हवें असलेलें ज्ञान त्या एका अंकांत मावणार कसें?

शिवाय कायद्याचेंही भान हवें. १९७२ च्या पुराणवस्तुविषयक कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें ही पुराणवस्तु होय, आणि ती खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. तेव्हां प्रतवारीची तपासणी नक्की कोठें होणार, याची चौकशी केल्यावांचून जुनें नाणें कोणाच्या हवालीं करूं नये. जें नाणें खरोखर मूल्यवान् आहे, ज्याच्या नकला फार निघतात किंवा जें विकावयाचेंच आहे, त्यालाच डबीचा खर्च शोभतो. घरांतल्या साध्या रुपयास तो बहुधा परवडणार नाहीं.

डबींतलें नाणें विकत घ्यावयाचें झाल्यास अंक हातानें झांकून पहावें, आणि 'हें उघडें मिळालें असतें तर याला मी काय दिलें असतें?' असा प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर मागितलेल्या किंमतीच्या जवळपासही नसेल, तर आपण नाणें नव्हे, कागद विकत घेत आहों असें समजावें. डोळा शिकविण्यासाठीं मात्र पुष्कळ नाणीं पहावीं लागतात. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत नाण्यांचा मोठा संग्रह आहे. आणि नाशिकजवळ अंजनेरी येथें १९८० सालीं नाणकशास्त्राची संशोधनसंस्था स्थापन झाली, ती याच विद्येच्या अभ्यासासाठीं. सुट्टींत मुलांना अशा ठिकाणीं न्यावें आणि घरीं परतल्यावर त्यांच्या हातीं भिंग देऊन देवघरांतला एखादा रुपया वाचावयास सांगावा.

डबी खरेपणाची साक्ष देते. ती साक्ष अवश्य ऐकावी. पण साक्षीदाराला न्यायाधीश करूं नये. आपल्या घरांतून पदव्या पुष्कळ आल्या आहेत, आणि पदवीवरून माणूस जोखूं नये हें आपण अनुभवानें शिकलों आहों. तोच विवेक पणजोबांच्या रुपयापाशीं ठेविला, तर तो रुपया पुढच्या पिढीच्या हातीं जातांना त्याच्याबरोबर त्याची पारखही जाईल.