ओलीस, खंडणी आणि ‘बसवून ठेवणे’

गंगाखेड तालुक्यातला एक विद्यार्थी मागे आठवडाभर वर्गात आला नाही. आला तेव्हा कारण विचारले. तो खालच्या आवाजात म्हणाला, “सर, दादाला बसवून ठेवलं होतं.” दादा म्हणजे ऊसतोडीच्या एका लहानशा टोळीचा मुकादम. त्याने वाहतूक ठेकेदाराकडून दसऱ्याआधी उचल घेतली होती. टोळीतली दोन जोडपी हंगामाच्या मध्यावर फड सोडून निघून गेली आणि ठेकेदाराच्या माणसांनी उरलेल्या पैशांसाठी दादालाच गाडीत घालून नेले. वडील पोलीस ठाण्यात गेले, तर “हा तुमच्या देण्याघेण्याचा मामला आहे, आपसात मिटवा” असा सल्ला मिळाला.

‘बसवून ठेवणे’ हा शब्दप्रयोग किती निरुपद्रवी वाटतो! पाहुण्यालाही आपण बसवून ठेवतोच. एखाद्या शहरात व्यापाऱ्याचा मुलगा पळवून पैसे मागितले गेले, तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘खंडणीसाठी अपहरण’ असा मथळा येतो आणि तो योग्यच असतो. ऊसतोड मजुराच्या बाबतीत मात्र तीच कृती ‘डांबून ठेवले’, ‘बसवून ठेवले’ किंवा ‘पैशांच्या व्यवहारातून वाद’ एवढ्यावर येऊन थांबते. शब्दांतला हा भेद कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

ओलीस हा आपल्या भाषेत मुळात गुन्ह्याचा शब्द नव्हे, तो तहाचा शब्द आहे. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी मराठ्यांशी करार केला, तेव्हा तो पाळण्याची हमी म्हणून फार्मर आणि स्ट्युअर्ट हे दोन इंग्रज मराठ्यांच्या स्वाधीन केले गेले. १७९२ मध्ये टिपूने आपले दोन मुलगे कॉर्नवॉलिसच्या हवाली केले. आपल्या मराठवाड्याला अधिक जवळचे उदाहरण १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईचे. आपण तेव्हा निजामाच्या मुलखात होतो, आणि हरलेल्या निजामाला रोकड व मुलूख कबूल करून शिवाय आपला दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्याच्या ताब्यात द्यावा लागला. सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर पेशवाईत जो गोंधळ माजला त्यात दिवाण सुटला आणि तहाची बरीच कलमेही ढिली पडली. तारण हातचे गेले की वसुली लंगडी पडते, हे सावकारी शास्त्रातले तत्त्व राजकारणालाही चुकत नाही.

खंडणीचेही तसेच. खंडणे म्हणजे रक्कम ठरवून टाकणे. शेत ‘खंडाने’ देतात तो खंडही त्याच घरातला. दरबारी कागदांत खंडणी हा उघड महसुलाचा शब्द आहे. राज्ये गेली आणि दोन्ही शब्द गुन्हेगारांच्या हाती आले.

कायद्याने या गुन्ह्याला स्वतंत्र जागा दिली ती फार उशिरा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत पळवून नेण्याचे अनेक प्रकार होते, पण खंडणीसाठी माणूस धरून ठेवण्याचे ३६४-अ हे कलम १९९३ साली आले. संयुक्त राष्ट्रांनी ओलीस धरण्याविरुद्धचा करार १९७९ मध्ये केला होता. भारत त्यात १९९४ साली सामील झाला आणि १९९५ च्या दुरुस्तीने आपल्या कलमाचा विस्तार झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १४० व्या कलमाचे दुसरे पोटकलम आहे. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप.

या गुन्ह्याचे मर्म असे की त्यात माणसे तीन लागतात : धरणारा, धरलेला आणि ज्याच्यावर दडपण आणायचे तो. दरोड्यात दोघांवर भागते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ओलिसाची किंमत धरणाऱ्याच्या लेखी शून्य असते. ती ठरते तिसऱ्याच्या मायेवरून. ज्याच्यापाशी शेत नाही, सोने नाही, त्याच्यापाशीही ही एक गोष्ट असते. बँकेच्या दृष्टीने जो तारणशून्य आहे, त्याच्याकडून तारण काढण्याची युक्ती या धंद्याला साधली आहे.

एक कायदेशीर खोच येथे सांगितली पाहिजे. १९७९ च्या करारात ‘आणखी डांबून ठेवू’ एवढी धमकीही पुरेशी आहे. आपल्या कलमाला जिवाची किंवा इजेची धमकी, निदान तशी सार्थ भीती वाटण्याजोगे वर्तन, लागते. तेलंगणातील एका खटल्यात पळवलेल्या शाळकरी मुलाला चांगले वागवले होते आणि धमकी सिद्ध झाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ३६४-अ खालील शिक्षा रद्द करून साध्या अपनयनाची सुनावली. तेव्हा दादाला वेळेवर भाकरी मिळत असेल, कोणी हात उगारला नसेल, तर ते कठोर कलम लागेलच असे नाही. पण म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. एखादे देणे फेडायला लावण्यासाठी कोणाला कोंडून ठेवणे हा जुन्या संहितेत ३४८ व्या कलमाखाली गुन्हा होता आणि नव्या संहितेत १२७ व्या कलमाच्या आठव्या पोटकलमाखाली आहे; तीन वर्षांपर्यंत कैद. मागणी खरी की खोटी, हा प्रश्न तेथे गैरलागू आहे. “पैसे तर त्याने घेतलेच होते ना?” हे उत्तर म्हणूनच उत्तर नव्हे.

ठेकेदाराची बाजू नाही असे नाही. उचल घेऊन पसार झालेल्या मुकादमांमुळे ट्रॅक्टरवरच्या कर्जात बुडालेली माणसे आहेत, आणि दिवाणी दावा लावणे म्हणजे दुसरा हंगाम घालवणे. पण जोखमीचा प्रवास पाहावा. कारखाना ती वाहतूकदारावर ढकलतो, वाहतूकदार मुकादमावर, मुकादम कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक नग. माणसांची मोजदाद हत्याराने करणारा हा बहुधा एकच धंदा. कोयत्याच्या खाली ढकलायला कोणी उरत नाही, म्हणून तेथे देह तारण राहतो.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात अशा प्रथांची लांबलचक यादी आहे. हैदराबाद संस्थानातला ‘भगेला’ तीत आहे, ‘वेट्टी’ आहे, ‘उचल’ नाही. यादी उदाहरणादाखल आहे, त्यामुळे उचल तीत बसूच शकत नाही असे नव्हे. उचल घेणारा प्रत्येक जण वेठबिगार ठरत नाही हेही खरे. परंतु आगाऊ रकमेपायी ज्याचे जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य संपले, त्याच्या बाबतीत हा कायदा कर्जच रद्द समजतो. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांना हे ठाण्यात कोणी सांगितले नाही.

दादा नवव्या दिवशी घरी आला. वहिनीचे मणी-डोरले आणि म्हैस विकून आलेली रक्कम दिली, बाकीची कोऱ्या मुद्रांकावर सही घेऊन पुढच्या हंगामात वळती करायचे ठरले. यंदा त्या घरातून दोन कोयते गेले आहेत. दुसऱ्या कोयत्याच्या हजेरीत आमच्या विद्यार्थ्याचे नाव आहे. महाविद्यालयाच्या पटावरही अजून आहे.